केसाएवढ्या नळीतून : एका रक्ततपासणीची मराठी उकल

सीमाभागातल्या महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्याकडे विद्यार्थी केवळ कविता समजून घ्यायला येत नाहीत. तहसील कचेरीतला कन्नड दाखला, बँकेचे इंग्रजी पत्र, विम्याचा अर्ज असे काहीही घेऊन येतात. घरची भाषा मराठी, कारभाराची कन्नड आणि औषधपाण्याची इंग्रजी, अशा तीन भाषांच्या बेचक्यात आमची मुले वाढतात. 1956 मध्ये हैदराबाद राज्य मोडले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. औराद, भालकी, बसवकल्याण इकडे राहिले. सोयरिकी मात्र दोन्हीकडे राहिल्या. हा लेख अशाच एका सोयरिकीमुळे लिहावा लागला.

गेल्या वर्षी बी. ए. च्या शेवटच्या वर्षातली औराद तालुक्यातली एक विद्यार्थिनी रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आली. एक पान, वर डोंगररांगेसारखी एक रेषा आणि खाली तीन आकडे. हिमोग्लोबिन ए : 94.0 टक्के. हिमोग्लोबिन एफ : 0.9. हिमोग्लोबिन ए-टू : 5.1. तपासणीची पद्धत 'कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस' आणि शेवटी 'बीटा थॅलेसेमिया ट्रेट'शी सुसंगत असा शेरा. नमुना घेणाऱ्या केंद्रातल्या माणसाने तोंडी सांगितले होते, ''रक्ताचा आजार आहे, कायमचा.'' तिचे लग्न आत्याच्या मुलाशी ठरले होते, सुपारी फुटली होती. अहवालाची बातमी आत्याच्या घरी पोचली आणि तिकडून निरोप आला, की मुलीत दोष आहे, तूर्त थांबा.

मी साहित्याचा माणूस. 'ट्रेट' हा शब्द मला पात्राच्या स्वभाववैशिष्ट्यापुरता ठाऊक होता. रसायनशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना त्रास देऊन, त्यांची पुस्तके चाळून जे समजले ते येथे मांडतो. उद्या आपल्यापैकी कुणापुढेही असे पान येऊ शकते.

आधी शब्द पाहू. विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न होता, ''सर, कॅपिलरी म्हणजे केशवाहिनी ना? मग रक्त तर दंडातून घेतलं.'' चूक तिची नव्हती. शालेय पुस्तकात कॅपिलरीला तोच शब्द आहे. येथे मात्र ती शरीरातली वाहिनी नसून यंत्रातली काचेची नळी आहे. लॅटिनमध्ये 'कॅपिलस' म्हणजे केस. म्हणून हिला मी केशनलिका म्हणेन. 'इलेक्ट्रोफोरेसिस'मधला 'इलेक्ट्रॉन' हा ग्रीकांचा तृणमणी, घासला की गवताची काडी ओढून घेणारा. आणि 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेणे. विद्युत्-संचारण हा शब्द त्याला चांगला बसतो. पदार्थ वेगळे करण्याच्या क्रियेला विलगीकरण म्हणावे असे मनात होते, पण करोनाच्या काळात तो शब्द शाळेच्या खोलीत चौदा दिवस कोंडला गेला. तेव्हा साधे 'वेगळे करणे'च बरे.

वेगळे करणे आमच्या भागाला नवे नाही. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तिथल्या डाळमिलमध्ये चाळण्या दाण्याच्या आकाराप्रमाणे माल वेगळा करतात. पूर्वी खळ्यावर वावडीवर उभे राहून सुपाने रास उपणत. वारा भुसकट लांब नेई, दाणा पायाशी पडे. चाळणीला आकार कळतो, वाऱ्याला वजन कळते. दोन दाणे आकाराने आणि वजनाने जवळजवळ सारखे असतील तर दोन्ही उपाय हरतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातींचे असेच आहे. पण त्यांच्यावर असलेला विद्युत्प्रभार कमीजास्त असतो. म्हणून वाऱ्याऐवजी विजेने उपणायचे. द्रावणात दोन टोकांना धनाग्र आणि ऋणाग्र ठेवून वीज सोडली, की ऋण प्रभाराचे कण धनाग्राकडे निघतात. ज्याचा प्रभार अधिक त्याची ओढ अधिक, आणि ज्याचा आकार मोठा त्याला अडथळा अधिक.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात आर्ने टिसेलिअस यांनी 1937 मध्ये या तत्त्वावर रक्तद्रवातली प्रथिने वेगळी करणारे उपकरण बांधले आणि 1948 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिसेलिअसच्या उपकरणात सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन घातले. निरोग्याचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने चालले. वाहकांच्या रक्तात दोन्ही एकत्र सापडली. माणसाच्या आजाराचे मूळ एका रेणूतल्या बदलात आहे असे तोवर कुणी दाखवले नव्हते; त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटले होते. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्राम यांनी तो बदल नेमका शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले ओवलेली असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर नसतो. एका हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या दोन, म्हणजे फरक दोन प्रभारांचा. एका अक्षराने अर्थ बदलतो हे आम्हा मराठीच्या मास्तरांना सांगायला नको. विजेला तो फरक चालीतून समजला.

महाराष्ट्रात नागपूरच्या आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांनी 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी पाड्यांवर फिरून या आजारावर कित्येक वर्षे काम केले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत महाराष्ट्राबरोबर कर्नाटकही आहे. शिबिरात आधी साधी चाचणी होते आणि संशय आला की पक्क्या निदानासाठी नमुना पुढे जातो. ते पक्के निदान ज्या मोजक्या पद्धतींनी होते, त्यांत आपली केशनलिका आहे.

आता नळीकडे येऊ. टिसेलिअसचे उपकरण खोलीभर होते. नंतरच्या काळात कागदावर, मग जेलच्या पाटावर हे काम होऊ लागले; आजही अनेक ठिकाणी होते. अडचण उष्णतेची होती. द्रावणातून वीज गेली की ते तापते. रुंद भांड्यात मधला भाग अधिक तापतो, द्रावण ढवळले जाते आणि वेगळे झालेले पट्टे पुन्हा एकमेकांत मिसळतात. वीज जोरात सोडावी तर उष्णता, हळू सोडावी तर तासन् तास थांबा. 1981 मध्ये अमेरिकेतले जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांनी 75 मायक्रॉन पोकळीची काचेची नळी वापरून ही कोंडी फोडली. आपल्या डोक्याचा केस साधारण तेवढ्याच जाडीचा. इतक्या बारीक नळीत द्रावण थोडे आणि काचेला लागलेले अंग खूप. उष्णता भिंतीतून निघून जाते. परातीत पसरलेला भात पातेल्यातल्या भातापेक्षा लवकर निवतो, तसेच. मग विजेचा दाब बेधडक वाढवता येतो. घरातल्या बटणामागे 230 व्होल्ट असतात. या नळीच्या दोन टोकांत दहा ते तीस हजार व्होल्ट लावतात. तासांचे काम मिनिटांवर येते आणि नमुना इतका थोडा लागतो, की रक्ताच्या एका थेंबात अशा हजारो तपासण्या मावतील.

आज ही नळी शुद्ध सिलिकाची करतात. नुसती काच लगेच तुटेल म्हणून बाहेरून पिवळसर तपकिरी प्लास्टिकचा लेप असतो. त्यामुळे ती तारेसारखी वळते. एका जागी लेप काढून लहानशी खिडकी ठेवलेली असते. तिच्यातून जांभळा प्रकाश आरपार जातो, 415 नॅनोमीटर तरंगलांबीचा. हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषते. खिडकीसमोरून हिमोग्लोबिनचा लोंढा गेला की प्रकाश कमी पडतो आणि पडद्यावर उंचवटा उमटतो. अहवालावरची डोंगररांग ती हीच.

मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट प्रवाहाची. तपासणीतल्या द्रावणाचा सामू नऊच्या वर ठेवतात. (सामू हा शब्द आमच्याकडे मातीपरीक्षणामुळे शेतकऱ्यांच्याही तोंडी आहे.) एवढ्या सामूला हिमोग्लोबिनच्या सर्व जातींवर ऋण प्रभार येतो. म्हणजे सगळ्यांनी धनाग्राकडे जायला हवे. पण यंत्रात खिडकी असते दुसऱ्या टोकाला, ऋणाग्राकडे! सहकाऱ्याने हे सांगितले तेव्हा मला वाटले त्याचीच काही चूक होते आहे. उलगडा काचेत होता. या सामूला सिलिकाच्या भिंतीवरही ऋण प्रभार येतो. तिला बिलगून द्रावणातल्या धन प्रभारांचा थर जमतो. वीज सुरू झाली की तो थर ऋणाग्राकडे सरकतो आणि नळीतले सगळे द्रावण सोबत ओढून नेतो. पुरातल्या मांजरेत चार पोहणारे प्रवाहाविरुद्ध हात मारताहेत अशी कल्पना करा. पूर चौघांनाही खालच्या पुलाकडे नेणारच. पण ज्याचे हात कमजोर तो पुलाखालून आधी जाईल आणि जो जोरात पोहतो तो शेवटी. ए-टूचा ऋण प्रभार कमी, म्हणून तो आधी येतो. मग एस. मग एफ. सर्वांत नेटाने उलटा पोहणारा ए शेवटी. पंप लावून ढकललेले पाणी नळीच्या मध्यभागी वेगाने आणि कडेला हळू चालते; हा प्रवाह भिंतीपासूनच निघतो, म्हणून सर्व रुंदीत सारख्या वेगाने जातो आणि पट्टे फाटत नाहीत. अहवालावर रांग बहुधा उलटी छापतात. डाव्या हाताचे उंच शिखर ए चे असते आणि उजवीकडची टेकडी ए-टूची.

हीच नळी इतरत्रही कामाला येते. तिच्यात जाळीसारखे काम करणारे घट्ट द्रावण भरले तर डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. 2003 मध्ये पूर्ण झालेल्या मानवी जनुकसंचाच्या वाचनात अशा नळ्यांच्या जुड्या राबल्या. मधुमेहींची तीन महिन्यांची साखर सांगणारी चाचणीही काही प्रयोगशाळा याच पद्धतीने करतात. पण आपल्याला त्या एका पानाकडे परत जायचे आहे.

प्रौढ माणसाच्या रक्तात ए जवळजवळ सगळे असते. ए-टू दोन-तीन टक्के, एफ एक टक्क्याहून कमी. एफ हे गर्भातले हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते ओसरते आणि त्याची जागा ए घेते. सिकलसेलच्या वाहकात एस नावाचे नवे शिखर दिसते, साधारण 35 ते 40 टक्क्यांचे. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात नवे काहीच दिसत नाही. तिथे बीटा साखळी चुकीची नसते, कमी बनते. ए साठी बीटा साखळी लागते, ए-टूला ती लागत नाही. म्हणून ए थोडे घटते आणि ए-टूचा वाटा वाढतो. साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की वाहकपणाचा संशय. तिचा 5.1 होता.

वाहक म्हणजे काय? प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. वाहकाची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी काम भागवते. त्याला बहुधा काही होत नाही; तांबड्या पेशी जरा लहान आणि हिमोग्लोबिन थोडे कमी, एवढेच. त्यामुळे लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. या मुलीलाही दिल्या होत्या. मी तिला म्हटले, महाराष्ट्राच्या एसटीत चालक-वाहक असे लिहिलेले असते ना, त्यातला तू वाहक. गाडीतून चिठ्ठी घेऊन जाणारी, स्वतः आजारी नसलेली. ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, ''वाहक कळलं. पण दोष म्हणतात त्याचं काय?''

खरा धोका दोन वाहकांच्या लग्नात असतो. तेव्हा प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता अशी, की मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. असे मूल जन्मताना ठीक दिसते, कारण तेव्हा एफ असते. एफ ओसरू लागला की सहा महिने ते दोन वर्षांत फिकटपणा येतो आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते, जन्मभर. भरलेल्या रक्तातले लोह साठून हृदय आणि यकृत बिघडते, त्यासाठी वेगळी औषधे. थॅलेसेमिया हे नाव ग्रीकांच्या 'थॅलासा' म्हणजे समुद्रावरून आले, कारण भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांत तो आधी ओळखला गेला. आमच्याकडे समुद्र नाही, पण भाच्याचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानणारी घरे आहेत.

म्हणून कागद घेऊन आम्ही गणित मांडले. मुलीत हे जनुक वडिलांकडून आले असण्याची शक्यता दोनात एक. वडिलांकडून असेल तर त्यांच्या बहिणीत, म्हणजे आत्यात, असण्याची दोनात एक. आत्याकडून तिच्या मुलाकडे जाण्याची पुन्हा दोनात एक. मिळून आठात एक. परक्या घरातला मुलगा असता तर भारतातल्या सरासरीने शंभरात तीन-चार एवढीच शक्यता. पण जनुक आईच्या बाजूचे निघाले तर आत्याच्या मुलाची जोखीम परक्यासारखीच. तेव्हा मुलाआधी वडिलांची तपासणी व्हायला हवी होती.

वडील तयार नव्हते. ''मी पोतं उचलतो, मला काय झालंय?'' मुलीने त्यांना ती डोंगररांग दाखवून, कोणते शिखर कशाचे हे मराठीत सांगितले. मी तिथे नव्हतो; तिने नंतर सांगितले. ते गेले. त्यांचा ए-टू 5.3 आला. म्हणजे हे जनुक आत्याच्या माहेरचे होते. ज्या घरातून 'मुलीकडचा दोष' असा निरोप आला, त्या घरातली बाई त्याच आईबापांच्या पोटची. आता मुलाची शक्यता आठात एकवरून चारात एक झाली होती.

यंत्र खोटे सांगत नाही, पण काही गोष्टी त्याला कळत नाहीत. लोहाची फार कमतरता असेल तर ए-टू खाली राहतो आणि वाहक निसटू शकतो. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवले पाहिजे. गेल्या तीन महिन्यांत रक्त भरले असेल तर अहवालात दात्याचे हिमोग्लोबिन मिसळते. अल्फा साखळीचा थॅलेसेमिया वाहकात बहुधा या रेषेवर दिसतच नाही. आकडा सीमेवर असेल तर जनुकाची तपासणी करावी लागते. दोघेही वाहक निघाले तरी लग्न अशक्य होत नाही. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. ते त्या दोघांनी आणि डॉक्टरांनी बोलायचे. मराठीच्या मास्तराचे काम तिथे संपते.

आत्याचा मुलगा घरच्यांना न सांगता, मोटारसायकलने उदगीरला जाऊन रक्त देऊन आला. चार दिवसांनी त्याने अहवालाचा फोटो मुलीला पाठवला. वर्ग सुटल्यावर तिने तो माझ्यापुढे धरला, पण मला वाचू दिला नाही. उजवीकडच्या टेकडीवर बोट ठेवून स्वतःच वाचला. ए-टू 2.7. रक्तात लोहही पुरेसे होते. सुपारी टिकली, लग्न वैशाखात झाले. त्याला एक धाकटी बहीण आहे. तिच्यासाठी निलंग्याकडचे, नात्यातलेच एक स्थळ चालू आहे आणि तिची तपासणी अजून झालेली नाही.